टेस्ट पेशंट

बैठकीत बंगलोरच्या कुणीतरी विचारलं,
"तुमच्याकडे पाऊस पडतोय का? मागे आवाज येतोय."
मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
कूलर आहे, म्हटलं. आणि माईक बंद केला.

कंपनीच्या इमारतीत मी दोनदाच गेले.
एकदा गळ्यात पट्टा घालून फोटो काढायला,
एकदा लॅपटॉपचा खोका आणायला.
तिथल्या मशीनला कॉफीची सात बटणं होती,
मी चहाचं शोधत राहिले.
बाकीची तीन वर्षं इथं, घाटंजीपासून अकरा किलोमीटर,
तुरीच्या पोत्यांशेजारी,
जिथं टॉवरच्या दोन काड्या येतात त्या कोपऱ्यात.

माझं काम आजारी माणसं तयार करायचं.
दवाखान्याचं सॉफ्टवेअर समुद्रापलीकडं जाण्याआधी
त्यात कुणीतरी खोटं आजारी पडावं लागतं.
नाव, वय, रक्तगट, कशाची ॲलर्जी,
मग भरती, मग बिल, मग सुट्टी.
सुरुवातीला लिहायचे टेस्ट एक, टेस्ट दोन.
दोनशेनंतर कंटाळा आला
तर गावच लिहायला घेतलं.
सरपंचाला दिली कावीळ.
आशाताई कुसुम तायडेला जुळं.
गिरणीवाल्या गावंड्यांचा डावा गुडघा बदलला,
बिल आलं एक्केचाळीस हजार डॉलर.
दुसऱ्या दिवशी त्यांनी दळणाचे सहा रुपये सुटे मागितले.

जन्मतारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही.
शेजारच्या जंगू किनाकेंना कुंपणावरून विचारलं,
बाबा, तुमचा जन्म कधीचा?
"मोह दोनदा फुलला होता त्या साली. माय सांगे.
तुले कायले पायजे व?"
मी एक जानेवारी टाकला.
आधारकार्डावरही तोच, अर्ध्या गावाचा तोच.
दोष नोंदवला : अंदाजे वर्ष लिहायची सोय हवी.
उत्तर आलं : रचनेनुसारच आहे. बंद.
पुन्हा उघडला. पुन्हा बंद.
तिसऱ्यांदा श्रीनिवासनचा फोन आला, अगदी प्रेमानं.

मग 'मृत' ह्या खुणेची तपासणी माझ्याकडे आली.
एक टिचकी दिली की पान राखाडी व्हायला हवं,
औषधं थांबायला हवीत, अपॉइंटमेंटी गळायला हव्यात,
बिल मात्र चालू राहायला हवं.
यादीत वरच होते किनाके, जंगू.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मारलं त्यांना.
पास, असं लिहिलं.
सकाळी ते विरजण मागायला दारात.
मी वाटीभर जास्तच दिलं.

शुक्रवारी मध्यरात्री जुना बॅकअप चढतो.
आठवडाभरात मेलेले सगळे उठून बसतात,
गुडघे जुने होतात, जुळं पोटात परत जातं.

पोळ्यानंतरच्या मंगळवारी ते खरंच गेले.
ताप होता नुसता, चार दिवसांचा.
उपकेंद्रात नेटवर्क नव्हतं.
नर्सबाईनं जाड रजिस्टर काढलं,
मागच्या पानावर गिरवून पेन चालतो का पाहिलं,
मग विचारलं, वय?
त्यांचा पोरगा माझ्याकडं पाहू लागला.
अंदाजे लिहा, मी म्हटलं.
तिनं लिहिलं पंच्याहत्तर, पुढं बारीकसं 'अं.'
मावलं त्या रकान्यात.

बुधवारी रजा टाकायला गेले तर नातं निवडा म्हणे.
यादी खालपर्यंत ओढली.
शेजारी नव्हता.
रात्री नऊला लॉगिन केलं.

शनिवारी सवयीनं उघडून पाहिलं.
किनाके, जंगू. पुरुष. एक जानेवारी.
ॲलर्जी : काही नाही.
पुढची अपॉइंटमेंट : सोमवार, सकाळी दहा.
बॅकअप रात्री चढला होता, वेळेवर, यशस्वी.

सोमवारी पुन्हा 'मृत'ची तपासणी, नवी आवृत्ती.
ह्या वेळी मी माझं नाव टाकलं.
जन्मतारीख खरी.